पडलेली पंचमी

उचगावात राजाबाईच्या दारावरून जाताना बायका आवाज खाली आणत. कुणी हसत खिदळत गेलं की आतून एखादं वाक्य असं यायचं, की त्या बाईला दिवसभर पुन्हा हसू सुचत नसे. असल्या घरात नागुबाई सून म्हणून आली. वय तेरा-चौदा, आणि हसू कायम ओठांवर ठेवलेलं. तिचं पुढं काय होणार हे गावाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण गाव ते गाव. अक्षता टाकल्या, जेवले आणि आपापल्या घरी गेले.

नागुबाई कणकुंबीकडची, रानातली. श्रावणात जन्मली म्हणून नागोबाच्या नावानं नागू. तिच्या माहेरी वर्षात सण म्हणजे पंचमीच. बाकीचे सण नुसते जेवणापुरते. पाऊस कोसळत असायचा, तरी थोरला भाऊ मारुती झाडावर चढून मोटेचा जाड नाडा बांधायचा, त्यात फळी अडकवायचा. मग पोरी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवायच्या, वरच्या पानांना डोकं लागेपर्यंत. सकाळी वारुळाला लाह्या नि दूध, दुपारी झोका. नागोबा आपला भाऊ आहे, तो आपलं बघतो, एवढाच तिचा देवधर्म होता. झोका उंच गेला की देवाला जवळून हाक मारता येते, असं ती अगदी खरं मानून सांगायची. लग्न ठरलं तेव्हा उचगावात झोका कुठल्या झाडाला बांधतात, हेच तिनं पहिल्यांदा विचारलं होतं.

ते तिला विचारायलाच नको होतं. ज्या घरी ती आली त्या घरात पंचमी पडलेली होती.

आमच्याकडची ही रीत. सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की तो सण त्या घरापुरता पडतो. मग गोड नाही, पूजा नाही, नवं लुगडं नाही. त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यात गाय व्याली, तर सण पुन्हा उभा राहतो. तोवर घर वाट बघत बसतं, कधी वर्षभर, कधी पिढ्यान् पिढ्या. ही रीत कुणी काढली ठाऊक नाही. ज्यानं काढली त्याच्या घरी गाई पुष्कळ असाव्यात.

राजाबाई म्हणजे नागुबाईच्या नवऱ्याची थोरली बहीण. प्लेगात नवरा गेला तशी एकुलत्या मष्णूला काखेला मारून माहेरी आली, आणि आईबाप गेल्यावर घर तिच्या हाती आलं. मष्णू आठ वर्षांचा झाला, पंचमीला झोक्यावर चढला आणि वरून पडला. उचलायला माणसं धावली तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. नागुबाईचं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं.

एवढं मोठं दुःख. त्यापुढं कुणाचीही मान खाली जाईल, नागुबाईचीही गेली. पण राजाबाईनं त्या दुःखाची काठी केली आणि घरादाराला ती हाणत सुटली. सून गुणगुणली तर, कोण मेलंय म्हणून गातीस? काकणं वाजली तर, हळू आपट. भाकरी फुगली म्हणून नागुबाई हसली, तर ती भाकरी उचलून कुत्र्यापुढं टाकली. नवरा भरमू शेजारीच जेवत होता. त्यानं ताटातली मान वर केली नाही. भरमू वाईट नव्हता असं सगळे सांगतात. नुसतं वाईट नसून बायकोच्या काय उपयोगाला येतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मारुती बहिणीला न्यायला आला. सासुरवाशिणीनं पंचमीला माहेरी जायचं ही तर साऱ्या मुलखाची चाल. कणकुंबीहून उचगावापर्यंत भिजत आला बिचारा, डोक्यावर घोंगडं, काखेत लाह्यांची पुरचुंडी. राजाबाईनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

"ज्या घरात पंचमी पडली, त्या घरच्या सुनेला माहेरात पंचमी कसली?" ती म्हणाली. "माझं पोर मातीत आणि ही तिकडं झोक्यावर? जावा आलात तसं."

नागुबाई दाराआडून बघत होती. भाऊ पाठमोरा होऊन पावसात निघाला. त्याच्या लाह्या राजाबाईनं गव्हाणीत ओतल्या.

मारुती दर वर्षी येत राहिला आणि दर वर्षी तसाच परत जात राहिला. पुढं पुढं तो आत यायचं नावही काढत नसे. रस्त्याच्या पलीकडं उभा राही, बहीण दिसली की हात वर करी आणि वळे. नागुबाईनं एकदा धीर करून विचारलं, की झोका नको, माहेर नको, निदान वारुळाला लाह्या वाहून येऊ का? त्यावर राजाबाई म्हणाली, देवदेव करायला म्हातारपण पडलंय, हातपाय चालतात तोवर काम कर. आणि तिला गोठ्यातलं शेण काढायला पिटाळली. मग तापाची साथ आली. त्या साली श्रावणात मारुती आला होता, हात वर करून गेला होता. दिवाळीच्या आधी तो तापात गेल्याचा निरोप आला. नागुबाईनं चुलीपुढं बसून तो ऐकला आणि त्या दिवसापासून तिनं राजाबाईचा द्वेष केला. मनापासून, रोज, जेवणखाणासारखा नेमानं. मी तरी तिला त्यासाठी दोष देणार नाही.

द्वेषानं माणूस कामाला लागतं. नागुबाईनं ठरवलं, पंचमी उभी करायचीच. तिची तिन्ही मुलं भलत्याच महिन्यांत जन्मली होती, आणि पोरांनीसुद्धा दिवस बघून येऊ नये का, हेही राजाबाईनं सुनावून झालं होतं. राहता राहिली गाय. दिवाळीच्या सुमारास गाय वळूकडं नेली तर ती श्रावणात विते, एवढं शेतकऱ्याच्या कुठल्याही बाईला कळतं. भरमूला तिनं काही सांगितलं नाही. गाय माजावर आली की स्वतः दावं धरून न्यायची. बायकांनी हे काम करायचं नसतं, पाणवठ्यावर त्यावरून नको नको ते बोललं गेलं. शेजारची रुक्माबाई त्यात पुढं. नागुबाईनं सगळं ऐकून घेतलं.

पण गाईला का पंचांग कळतं? एका साली ती गाभणच राहिली नाही. एका साली नारळी पौर्णिमेनंतर व्याली. एका साली तर चतुर्थीला, ऐन आदल्या दिवशी. नागुबाई गाईच्या गळ्यात पडून रडली. राजाबाई गोठ्याच्या दारात उभी राहून म्हणाली, जनावराला कळतंय ते माणसाला कळंना. आणि आत निघून गेली.

अशी किती वर्षं गेली. मग एका श्रावणात गाय ऐन पंचमीच्या तोंडावर येऊन ठेपली. कासेला दूध उतरलेलं, पाठ खचलेली. आज नाहीतर उद्या. पंचमीला सकाळी नागुबाईचा पाय गोठ्यातून निघेना. नेमकं तेव्हा राजाबाईनं फर्मान काढलं, की बेळगावच्या कॅम्पात, छावणीतल्या ठरल्या घरी लोणी आजच पोचतं करायचं. नागुबाई म्हणाली, उद्या जाते. राजाबाईनं लोण्याचं मडकं तिच्या डोक्यावर ठेवलं आणि दार दाखवलं. बेळगावची वाट नागुबाई जवळजवळ पळतच चालली. परत आली तोवर दिवेलागण झाली होती आणि गोठ्याला आतून कडी होती. गाय बिथरलीय, कुणाची नजर नको, मी निजते तिच्यापाशी, असं राजाबाई आतून बोलली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर कडी निघाली. "झाली बग गाय मोकळी. आत्ता, दिस उगवल्यावर," राजाबाई म्हणाली.

नागुबाई आत गेली. वासराचं अंग कोरडं झालेलं, आणि ते चारी पायांवर उड्या मारत होतं. बेंबीची नाळ वाळून काळी पडलेली. तेही एक वेळ सोडा. कोपऱ्यात पेंढ्याखाली पाटी झाकून ठेवलेली होती, तिला मुंग्या लागल्या होत्या. पाटीत गाईची वार होती, वासरामागून पडलेली, शिळी, वास मारणारी. वार पडली की तेव्हाच खड्ड्यात पुरतात. पण पंचमीला माती खणायची नसते, नागोबाला लागतं. राजाबाईनं सण बंद ठेवला होता तरी सणाचे निर्बंध एकूण एक पाळले होते. म्हणून वार कालपासून पाटीत पडून होती. भरमू आता कुदळ घेऊन तीच पुरायला आला आणि बायकोला बघून जागीच थबकला.

"वासरू कालचं हाय," नागुबाई म्हणाली.

भरमू कुदळीच्या दांड्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आक्काचं मन मोडवंना मला."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. दिवसभर तो घरातच होता. बायको कॅम्पाच्या वाटेवर पळत होती तेव्हा वासराला चाटायला गाईपुढं त्यानंच ओढलं होतं. आक्काचं मन त्याला मोडवलं नाही. बायकोलाही मन असतं हे त्याला बहुधा कुणी सांगितलंच नव्हतं.

नागुबाईला चावडीवर जाता आलं असतं. ती गेली नाही. वाद घालून मिळवलेल्या झोक्यावर चढावंसं तिला वाटेना, आणि भांडायला तिच्या बाजूनं उभा राहणारा एकमेव माणूस, मारुती, कणकुंबीच्या रानात सरणावर राख झाला होता. तिनं वासराला पाजलं आणि कामाला लागली. त्यानंतर दिवाळीला गाय तिनं कधी नेली नाही.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. ती राबली, मुलं वाढवली, जमिनीचा तुकडा वाढला. हसणं तर केव्हाच सुटलं होतं, आता बोलणंही धारदार झालं. पोरगी गाणं म्हणाली की नागुबाई डोळे वटारी. पाणवठ्यावर ती आली की बायका आवाज खाली आणत. राजाबाई म्हातारी झाली, तिचं तोंड थोडं थकलं, पण घराला त्यानं काही फरक पडला नाही. एक थकली तोवर दुसरी तयार झाली होती.

थोरल्या मुलाचं लग्न झालं आणि जयाबाई सून म्हणून आली. उंच, सावळी, कामाला वाघीण, आणि अंगणात कोंबडी धडपडली तरी हसणारी. नागुबाईला तिचं हसणं सोसत नसे. का सोसत नाही हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

श्रावण लागला. पंचमीच्या दिवशी सकाळीच जयाबाईचा भाऊ दारात आला, डोक्यावर घोंगडं घेतलेला. तसा त्यांचा गाव जवळचा, दुपारपर्यंत पोचण्यातला. त्यानं हात जोडले आणि बहिणीला न्यायला आलोय म्हणाला. जयाबाई आतून धावत आली आणि सासूच्या पाठीशी थांबली. नागुबाईच्या हातात चुलीतला चिमटा होता.

"ज्या घरात पंचमी पडली," नागुबाई बोलली, "त्या घरच्या सुनेला माहेरात..."

आणि ती थांबली. शब्द तेच होते, आवाजही तोच होता. फक्त राजाबाई बोलत नव्हती. राजाबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्याकडं बघत होती. बाहेरचा पोरगा पाठमोरा व्हायच्या बेतात होता.  नागुबाईला राजाबाईची कधी वाटली नव्हती इतकी भीती त्या क्षणी स्वतःची वाटली.

तिनं चिमटा खाली ठेवला. जयाबाईला म्हणाली, लुगडं बदल आणि जा, मनाला येईल तितकं राहा. पोरीला खरं वाटेना. ती तशीच उभी राहिली तशी नागुबाई तिच्यावर खेकसली, की माझं मन फिरायच्या आत जा बाई. भाऊ-बहीण रस्त्याला लागले. वळणावर पोचायच्या आतच पोरगी हसायला लागली, ते इथपर्यंत ऐकू आलं.

नागुबाई उंबऱ्यात उभी राहिली. चाळिशी आली होती. केस पांढरे होऊ लागले होते, गुडघे अजून धड होते. म्हातारपणी देवदेव करायचा म्हणे. म्हातारपणी फळीवर उभं राहायला गुडघे कोण देणार होतं? आपला देव गाईच्या पोटातून परवानगी पाठवील म्हणून आपण वाट बघत बसलो, आणि त्यानं पाठवली तेव्हा ती कुणीतरी पेंढ्याखाली झाकली. आता तिला परवानगी नकोच होती. तिनं डब्यातल्या ज्वारीच्या मूठभर लाह्या भाजल्या, पदरात घेतल्या आणि राजाबाईच्या देखत निघाली. भरमू मागून म्हणाला, अगं पोराबाळांचं घर हाय, पडल्या सणाची रीत मोडू नको. ती वळली नाही.

वारुळाला लाह्या वाहून ती झोक्याच्या झाडाखाली आली. गावच्या सगळ्या बाया तिथं होत्या. तिला बघून गाणं बंद पडलं. तिनं फळी धरली तेव्हा रुक्माबाईनं दुसरीकडून धरून ठेवली आणि पडल्या सणाची रीत मोडली की घरातलं माणूस जातं, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. तुला झोका देऊन उद्याचं बोलणं आम्ही आमच्या माथी घेणार नाही, असंही म्हणाली. बायका एक एक करून मागं सरल्या. लेकुरवाळ्यांनी मुलं पदराखाली घेतली. इतक्या वर्षांच्या शेजारणी, आणि नागुबाईला जणू रोग झाला होता.

नागुबाईनं फळीला हिसका दिला आणि चढून उभी राहिली. समोर दुसरी बाई नव्हती, मागून ढकलायला कुणी नव्हतं. एकटीनं झोका चढवणं सोपं नसतं. ती गुडघ्यात वाकून जोर देऊ लागली. फळी हातभर पुढं गेली, हातभर मागं आली, वाकडी झाली. कुणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात राजाबाई आली. काठी न घेता आली होती, धापा टाकत, अर्धी वाट पळत आल्यासारखी. सगळ्यांनी वाट दिली. आता म्हातारी हिला फळीवरून ओढून पाडणार, हे जिला तिला कळलं, आणि ते चुकू नये म्हणून कुणी हललं नाही. राजाबाईनं येऊन नाडा पकडला. झोका थांबला.

"तिचा सण पडलेला न्हाय," राजाबाई रुक्माबाईला म्हणाली. "पंचमीचं वासरू कवाच झालंय आमच्या गोठ्यात. मी झाकलं."

मग ती नागुबाईकडं वळली. तोंड तसंच कडू, डोळे तसेच.

"एका हातानं धरू नगंस," ती म्हणाली. "माझ्या मष्णूनं एका हातानं धरलेलं. दुसऱ्या हातात तंबिटाचा लाडू हुता. फळीवर चढताना मीच दिलता. खाली उतरल्यावर खा, एवढं म्हणाय पायजे हुतं मी. न्हाय म्हटलं."

 हे राजाबाईनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, भावालासुद्धा नाही. नागुबाई वरून तिच्याकडं बघत राहिली. तिनं राजाबाईला माफ केलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. रस्त्यापलीकडून हात वर करणारा मारुती तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता आणि पुढंही कधी हलला नाही. पण ही बाई इतकी वर्षं कुणावर सूड उगवत होती ते तिला आता समजलं. त्या सुडाच्या वाटेत आपण सगळे नुसते उभे होतो, हेही समजलं. आणि तिला राजाबाईची दया आली, राग होता तसाच राहून.

तिनं पदर कमरेला खोचला. दोन्ही हातांनी नाडा गच्च धरला.

"आक्का," ती म्हणाली, "झोका द्या."

राजाबाई मागं गेली आणि तिनं झोका दिला.